दाजी, तुम्हाला बाजारचा पलंग दिला

दाजी, तुमचं तेरावं झालं, पै-पाहुणे आपापल्या गावाला गेले, आणि मी अजून बेलापुरातच आहे. शाळेला रजा वाढवायचा अर्ज पाठवला. त्यात 'घरगुती अडचण' असं लिहिलं. खरं कारण लिहिलं असतं तर हेडमास्तरांनी मला परस्पर डॉक्टरकडे पाठवलं असतं. खरं कारण असं की मला लाज वाटते. इतकी की अक्का चहा घेऊन आली तरी मी कपाकडेच बघतो, तिच्या तोंडाकडे बघत नाही.

तुमच्या शोकसभेत मी अर्धा तास बोललो. नगरच्या शाळेतला मराठीचा मास्तर, त्यातून सख्खा मेहुणा, म्हणून लोकांनी मलाच पुढे केलं. 'मोडक्या विमानांना ज्याने नवा जन्म दिला' वगैरे काय काय बोललो. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. तुम्ही तिथे असता तर मागे बसून खोकल्याचं निमित्त करून उठून गेला असता. त्या भाषणातलं काही खरं धरू नका. आता लिहितोय ते धरा.

तुम्ही दुसऱ्या महायुद्धात विमानं दुरुस्त करणारे फिटर होता, हे मला अक्काच्या लग्नात कळलं. मी तेव्हा शाळकरी होतो. विमान या शब्दानेच मी तुमच्यावर खूष होतो. मग तुम्ही नोकरी सोडून गावी आलात आणि नगरच्या मिलिटरी लिलावातून जुनी, मोडीत काढलेली विमानं तुकड्या-तुकड्यांनी बेलापुरात आणायला लागलात, तेव्हा माझी खुषी उतरली. पहिला पंख बैलगाडीवरून आला तो दिवस आठवतो? गाडीच्या दोन्ही बाजूंनी पंख इतका बाहेर आलेला की वेशीतून गाडी आत जाईना. समोरून येणारे बैल बुजले, एका बाईची पाटी पडली, निम्मा बाजार गोळा झाला.

"तात्या, ह्ये अजून उडतं का?" कुणीतरी विचारलं.

"उडत न्हाई," तुम्ही म्हणालात, "पन बसता येतंय."

लोक हसले. मीही हसलो, पण मी तुमच्यासोबत चालत होतो ते थोडा मागे राहून चालायला लागलो. लोकांना वाटावं की हा पोरगा दुसऱ्याच कुणाचा आहे.

त्या पंखाचं तुम्ही टेबल केलंत. मग वैमानिकाच्या सीटला पाय लावून खुर्ची केलीत. इंजिनाच्या गोल झाकणातून अक्काचं तुळशीवृंदावन झालं. उरलेल्या पत्र्याचा मोर कापलात आणि त्याच्या पिसाऱ्यात विमानातली काचेची घड्याळं बसवलीत, ती सगळी निरनिराळ्या आकड्यांवर थांबलेली. मारुतीच्या देवळासमोर विमानाच्या पंख्याची दोन पाती उभी करून त्यांना पणत्यांचे हात लावलेत, ती दीपमाळ दर त्रिपुरीला अजून पेटते. गावात अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. 'तात्यांचं जर्मनचं घर' म्हणून पोस्टमनसुद्धा पत्ता सांगायचा.

आपलं भांडण कशावरून होतं ते तुम्ही विसरला नसाल. मी म्हणायचो, दाजी, वस्तू करता तर पुरती करा. हे इंग्रजी आकडे खरवडून काढा, पोचे ठोकून सरळ करा, वरून छान रंग द्या. मग नगरचे डॉक्टर-वकीलही घेतील. तुम्ही विडी कानावर ठेवून ऐकून घ्यायचात आणि पोचा तसाच ठेवायचात. पत्र्यावर जिथं जुनी ठिगळं होती, तिथं तर मुद्दाम हात फिरवायचात.

"मास्तर, तुमी एखाद्या मानसाला घरी जेवायला बोलवलं, तर त्येला आधी नवा चेहरा लावून या म्हनता का?"

"वस्तू वेगळी, माणूस वेगळा."

"आसंल बाबा. तुमी शिकल्याली मानसं."

असं म्हटलंत की वाद संपला. जिंकलं कोण हे मला कधी कळलं नाही, आणि आता ते विचारायची सोय राहिली नाही.

बांगलादेशच्या लढाईतली गंमत तेवढी दोघांनाही आवडायची. रात्री दिवे बंद ठेवायचा हुकूम आला, खिडक्यांना काळे कागद लागले. मग गावात कुणाच्या तरी डोक्यात आलं की तात्यांच्या अंगणातला पत्रा चांदण्यात चमकतो, वरून दिसणार, आणि दुश्मन आपल्यावरच बॉम्ब टाकणार. पंचमंडळी दारात आली. तुम्ही हसत सुटलात. "आरं, असल्या मोडक्या इमानांवर बॉम्ब टाकायला ती काय येडी हायेत?" पण अक्काने वाद घातला नाही. बादलीभर शेण कालवलं आणि मोरापासून टेबलापर्यंत सगळं सारवून टाकलं. लढाई संपल्यावर मी आलो तर तुम्ही दोघं अंगणात बसून ओल्या फडक्याने मोराची घड्याळं पुसत होता. अक्का तुम्हाला म्हणत होती, "ह्या डोळ्यातलं अजून निघालं न्हाई बगा." मी त्या दिवशी तुमच्या घरात जेवढा सुखी होतो तेवढा माझ्या घरात क्वचितच असतो.

माझ्या घरात तुम्ही दिलेली खुर्ची आहे. पट्ट्यांसकट वैमानिकाची सीट. नगरला घरी कुणी आलं की आमची ही त्यावर विणलेला रुमाल टाकायची, आणि मी तिला टाकू द्यायचो. एकदा तुम्ही न कळवता आलात, रुमाल बघितलात, उचलून शेजारच्या स्टुलावर ठेवलात आणि बसलात. चहा पिताना मग मीच विचारलं, की दाजी, तुम्ही सगळं बसण्याचंच का करता? खुर्च्या, बाक, स्टुलं, झोपाळा. कपाट का नाही, पेटी का नाही?

तुम्ही बशीतला चहा संपवलात.

"लढाईत मी पोरांना ह्या सीटीत बसवून पट्टे आवळायचो. विशीतली पोरं. माजं काम तेवढंच. पट्टा आवळायचा, पाठीवर थाप मारायची. त्यातली किती परत आलीच न्हाईत. आता माज्या खुर्चीत मानूस बसतो, गप्पा मारतो अन् उठून घरला जातो जेवायला. मला बरं वाटतं."

त्यानंतर रुमाल आम्ही टाकला नाही. पण एवढं ऐकूनही माझी अक्कल कुठवर पोचली होती ते तेराव्याला कळलं.

यंदा दिवाळीत तुमचा खोकला वाढला होता. साल हे दुष्काळाचं, रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी, विहिरी कोरड्या. अक्का तुमच्यासाठी दूध कुठून आणत होती देव जाणे. तुम्ही अंगाने अर्धे झाला होता, पण तुमच्या कामाच्या शेडमधून ठोकण्याचा आवाज येत होता. मी आत यायला लागलो तर तुम्ही दार ओढून घेतलंत. "मास्तर, झाल्यावर दावतो," म्हणालात. मला वाटलं, आणखी एक मोर. मी वाड्यावस्त्यांवर ओळखीच्यांना भेटायला निघून गेलो.

मग ती तार. तुमच्या पुतण्याने अग्नी दिला. बाकी सगळं माझ्या अंगावर पडलं, म्हणजे मी ते अंगावर घेतलं. सुतकात खाली बसायचं म्हणून तुमच्या खुर्च्या, टेबलं सगळी अंगणात काढली आणि ओसरीवर सतरंज्या टाकल्या. भेटायला येणारे लोक तुमच्या खुर्च्यांच्या गर्दीतून वाट काढत आत यायचे आणि जमिनीवर बसायचे. एका म्हाताऱ्याने वाटेत तुमच्या बाकाला हात जोडले. मला ते जरा अति वाटलं.

तेराव्याच्या आधी गुरुजी आले. आपले गुरुजी, तुमच्या शेडमध्ये रोज पेपर वाचायला येणारे, दारातून वाकूनच आत येतात ते. त्यांनी शय्यादानाला काय काय लागतं ते सांगितलं. पलंग, गादी, छत्री, जोडा, तांब्या. तुम्हाला काय सांगायचं, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही: गेलेल्या माणसाला वाटेत आणि तिकडे निजायला मिळावं म्हणून त्याच्या नावाने हे द्यायचं. आतल्या दारातून अक्का म्हणाली, "पलंग घरात हाय."

मला वाटलं, ती तुमच्या त्या जुन्या खाटेबद्दल बोलतेय, जिच्यावर तुम्ही गेलात. चार लोक बसले होते. मी म्हणालो, "अक्का, तू यात पडू नकोस. दाजींचं सगळं नीट होईल. नवं आणतो."

ती पुन्हा म्हणाली, "बाळू, घरात हाय रं."

मी हात वर केला. वर्गात पोरांना गप्प करताना करतो तसा. ती गप्प झाली. गुरुजी माझ्याकडे बघत राहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मी श्रीरामपूरला गेलो आणि दुकानातून पलंग आणला. सागवानी म्हणून घेतला. लालभडक पॉलिश, डोक्याशी कोरलेली फुलं. टेम्पोतून उतरवताना गल्लीतले लोक म्हणाले, "मेव्हन्यानं चांगलं केलं बरं का." मला बरं वाटलं, दाजी. फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या अंगणात चारचौघांसारखी, रंग लावलेली, धड वस्तू उभी होती, आणि ती मी आणली होती. आपला तो वाद मी जिंकल्यासारखं वाटलं. तुम्ही उत्तर द्यायला नव्हता तेव्हा.

संकल्प झाला, तुमचं नाव घेतलं, गोत्र म्हटलं, पुतण्याने पाणी सोडलं. पलंग गुरुजींच्या घरी गेला.

जेवणाच्या पंगती उठल्या, गर्दी पांगली, तेव्हा अक्का मला शेडमध्ये घेऊन गेली. कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी होतं. तिने गोणपाट काढलं.

पलंग होता. डोक्याकडची बाजू पंखाच्या टोकाची, गोलसर, ठिगळासकट, आकड्यांसकट. पाय विमानाच्या चाकाच्या दांड्यांचे. आणि नवारीच्या जागी विमानाच्या सीटचे जुने पट्टे विणलेले, दाट, एकसारखे. विणकाम तुमचं नव्हतं. ते अक्काचं होतं, मी तिची बाजेची वीण लहानपणापासून ओळखतो. दिवाळीच्या आधीपासून तुम्ही ठोकत होता आणि ती विणत होती.

"त्येंनी गुरुजींसाठी केला," अक्का म्हणाली. "म्हनले, माज्या मागं ह्योच द्या. दुसरा नको."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. दोनदा बोलले."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रागावली नाही. गोणपाट घडी करून बाजूला ठेवलं आणि पट्ट्यांवर साचलेली धूळ पदराने पुसली. सुतक फिटलं तरी ती अजून जमिनीवरच झोपते.

जन्मभर दुसऱ्यांसाठी लाकूड-पत्रा ठोकणारा माणूस, आणि त्याला मी बाजारचा पलंग दिला. शेडमध्ये त्याने हाताने केलेला उभा असताना. लोकांना हे अजून माहीत नाही, ते रस्त्यात मला शाबासकी देतात. मी ती घेऊन खाली मान घालून पुढे जातो, आणि ते त्याला नम्रपणा समजतात.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींकडे गेलो. म्हटलं, हात जोडतो, पाय धरतो, पलंग बदलून घ्या. गुरुजींनी मला आत नेलं. त्यांच्या पडवीत माझा पलंग भिंतीशी उभा केलेला होता.

"बसा," म्हणाले. "खाली बसा. माझ्या घरात पलंग पुष्कळ येतात आणि एकही राहात नाही. मी ठेवून काय करू? झोपलो तर पोटऱ्यांपासून पाय बाहेर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाच्या पलंगांवर गुडघे पोटाशी घेऊन झोपलो, मग तेही सोडलं. दुकानदाराचा माणूस येतो, घेऊन जातो, मला वर्षाचे तांदूळ सुटतात. तुमच्या दाजींना हे ठाऊक होतं. एके दिवशी मी पेपर वाचत होतो, ते सुतळी घेऊन आले आणि म्हणाले, गुरुजी, जरा आडवं व्हा. मी म्हणालो, तात्या, अजून जिवंत आहे मी. ते म्हणाले, म्हनूनच माप घेतोय."

गुरुजी हसले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला.

"मला सांगायला हवं होतं तुम्हाला, त्या दिवशी. पण दान घेणाऱ्याने मला अमुकच द्या असं कसं म्हणायचं? तोंडाशी आलं आणि गिळलं."

मी म्हणालो, मग आता घ्या ना तो.

"आता कसा घेऊ, मास्तर? संकल्पात मी हात लावला तो याला. तात्यांना पोचला तो हाच." त्यांनी लाल पलंगाकडे बघितलं आणि मग त्यांना राहवलं नाही. "तुम्हाला म्हणून सांगतो. हा माझ्या ओळखीचा आहे. या फुलाची पाकळी उडालेली बघा. मागच्या पावसाळ्यात एकाच्या नावाने आला होता, त्याच्या आधीही एकदा आलाय. दुकानात परत गेला की पॉलिश चढवतात."

दाजी, माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे तुम्ही जाणता. त्यावरूनही आपण भांडलोय. पण त्या पडवीत बसून मला स्पष्ट दिसलं की तुम्ही कुठेतरी या भडक पलंगावर पडलेले आहात, आणि तो आधीच्या दोघांचाही आहे. तुम्ही सरकून त्यांना जागा दिली असणार, तेही मला दिसलं. मी मास्तर माणूस, मोठ्याने रडलो. गुरुजींच्या सूनबाई पाणी घेऊन आल्या आणि दारातूनच परत गेल्या.

"वर्षश्राद्धाला पुन्हा शय्यादान करता येतं," गुरुजी म्हणाले. "तेव्हा तात्यांचा द्या. मी आनंदाने घेईन."

"आणि तोवर?"

मी उठून पलंग भिंतीपासून काढला आणि जमिनीवर टेकवला. तो डुगडुगला. एक पाय खाचेत बसतच नव्हता. हात लावला की करकरायचा. सागवानही नव्हतं, पॉलिश निघालं तिथे आत पांढरं लाकूड.

मी म्हटलं, गुरुजी, हा दुकानात पाठवू नका. वर्षभर इथेच राहू द्या. तुमचे वर्षाचे तांदूळ मी पोचवतो. मग घरी आलो, तुमच्या शेडमधून हातोडी आणि लाकडाचा एक तुकडा घेतला, अक्काला काही सांगितलं नाही. ती मात्र बघत होती. परत गुरुजींकडे जाऊन मी त्या पायाच्या खाचेत पाचर ठोकली. मी जन्मात हातोडी धरलेली नाही. पहिली पाचर फुटली, दुसरी तिरकी गेली, अंगठ्याचं नख काळं झालं. गुरुजी सोवळं बाजूला ठेवून पलंगाची दुसरी बाजू धरून बसले होते. शेवटी कशीबशी बसली. गुरुजी त्याच्यावर आडवे झाले, पाय बाहेर लोंबत होते, कूस बदलून बघितली आणि म्हणाले, "हलत नाही."

दाजी, एवढं वर्ष भागवून घ्या. पाचर मी ठोकलेली आहे, तेव्हा भरवसा धरू नका, मधेच करकरायला लागेल. लागला तर मला शिव्या द्या. पण तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून सांगतो, उठून ठोकायला बसू नका. मी दर रविवारी येऊन बघून जाईन. तुम्ही झोपा.